शेअरचा भाव आणि मिऱ्याची गोदी

देवरुखात कोणाच्या मुलाचा आयटीआय किंवा डिप्लोमा पूर्ण झाला की मुंबई-पुण्याच्या जोडीने जिल्ह्यातल्या काही कारखान्यांची नावं हमखास निघतात. रनपारचं फिनोलेक्स, जयगडचं जेएसडब्ल्यू, झाडगावचा सिमेंट कारखाना. काही वर्षांपूर्वी या यादीत मिऱ्याचं भारती शिपयार्ड असे, आणि त्याच्याही आधी, सगळ्यांत मोठ्या आवाजात, गुहागरचं एन्रॉन. ही नावं घेताना डोळ्यांसमोर गेट येतं, पाळीची बस येते, पगार येतो. यांतल्या प्रत्येक उद्योगाचं दुसरंही एक आयुष्य असतं आणि ते दलाल स्ट्रीटवर किंवा न्यूयॉर्कच्या बाजारात चालतं. कंपनीच्या मालकीचे छोटे छोटे तुकडे तिथे दिवसभर विकले-घेतले जातात आणि दर क्षणाला तिची किंमत नव्याने ठरत राहते.

कारखाना चालवणाऱ्या माणसाने त्या आकड्याकडे लक्ष द्यावं का? यावर दोन उत्तरं कायम ऐकू येतात. जुन्या वळणाचे उद्योजक म्हणतात, आपण माल चांगला काढावा, देणी वेळेवर द्यावीत, भावाचं बाजार बघून घेईल. बिझनेस स्कूलमधून आलेली पिढी म्हणते, शेअरधारक हाच मालक, तेव्हा त्याच्या शेअरची किंमत वाढवणं हेच व्यवस्थापकाचं काम. पहिलं उत्तर नम्र वाटतं, दुसरं व्यावहारिक. दोन्ही अपुरी आहेत, आणि ते समजून घ्यायला रत्नागिरी जिल्ह्याबाहेर फार लांब जावं लागत नाही.

आधी एक मूलभूत गोष्ट. शेअरच्या रोजच्या भावाशी कंपनीच्या तिजोरीचा थेट संबंध नसतो. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने फेब्रुवारी १९९३ मध्ये लोकांना शेअर देऊ केले, एकाची किंमत ९५ रुपये. प्रतिसाद इतका थंड होता की मॉर्गन स्टॅनलीने मोठा हिस्सा उचलला तेव्हा कुठे विक्री पार पडली. त्याच वर्षी जूनमध्ये बाजारात व्यवहार सुरू झाले ते १४५ रुपयांना. कंपनीच्या हाती आले ते ९५. वरचे ५० विकणाऱ्याचे. पुढच्या तीस वर्षांत त्या शेअरने कितीही उंची गाठली, तरी एका गुंतवणूकदाराने दुसऱ्याला विकलेल्या शेअरमधून कंपनीकडे एक पैसाही आलेला नाही. देवरुखात बाजारपेठेलगतची जमीन वीस वर्षांपूर्वी विकलेल्या माणसाला आज तिचा भाव दहापट झाला म्हणून कोणी पैसे आणून देत नाही, तसंच हे.

शिवाय बाजारात दिसणारा भाव खरा असतोच असंही नाही. मुंबईतल्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीकडे एशियन पेंट्सचे हजारो कोटी रुपयांचे शेअर आहेत. तरी तिच्या स्वतःच्या शेअरचा नोंदलेला भाव वर्षानुवर्षं तीन-साडेतीन रुपयांच्या घरात पडून होता. त्या भावाला विकायला कोणी तयार नव्हतं, म्हणून व्यवहार जवळजवळ होतच नव्हते, आणि व्यवहार नाहीत म्हणून भाव हलत नव्हता. २०२४ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने अशा कंपन्यांसाठी खास लिलावाची सोय केली. २९ ऑक्टोबरला ३ रुपये ५३ पैशांचा तो शेअर एका दिवसात २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर पोचला. कंपनीची मालमत्ता आदल्या दिवशी होती तेवढीच होती.

इतकं वाचून कोणीही म्हणेल की मग व्यवस्थापकाने तिकडे पाहूच नये. लार्सन अँड टुब्रोने तसं केलं असतं तर आज ती कंपनी या रूपात उरली नसती.

१९३८ मध्ये हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत सुरू केलेल्या या कंपनीला मालक घराणं नव्हतं. एलआयसी, यूटीआय यांसारख्या सरकारी संस्था मोठ्या भागधारक, बाकी हजारो लहान गुंतवणूकदार आणि वर पगारी व्यवस्थापक, अशी रचना. ही रचना कौतुकाची खरीच, पण तिचं एक दार कायम उघडं असतं. शेअर स्वस्त असले की ज्याच्याकडे पैसा आहे तो ते गोळा करून आत शिरू शकतो. लंडनचे उद्योगपती स्वराज पॉल यांनी १९८३ मध्ये डीसीएम आणि एस्कॉर्ट्सचे शेअर गोळा करून भारतीय उद्योगजगताला पहिल्यांदा हा घाम फोडला. दशक संपता संपता एल अँड टीवर दुबईतले उद्योगपती मनू छाब्रिया यांची नजर पडली. त्यांना अडवायला म्हणून रिलायन्सला आत घेतलं गेलं आणि १९८९ मध्ये धीरूभाई अंबानी एल अँड टीचे अध्यक्ष झाले. दिल्लीत सरकार बदललं, एलआयसीने भूमिका बदलली आणि १९९० मध्ये अंबानी पायउतार झाले. रिलायन्सकडचे शेअर मात्र रिलायन्सकडेच राहिले.

ते शेअर अकरा वर्षांनी बाहेर आले. नोव्हेंबर २००१ मध्ये रिलायन्सने आपला सुमारे दहा टक्के हिस्सा कुमारमंगलम बिर्ला यांच्या ग्रासिमला एकगठ्ठा विकला. दर शेअरला ३०६ रुपये ६० पैसे, एकूण ७६६ कोटींच्या आसपास. बाजारात त्या सुमारास भाव दोनशेच्या थोडा वर होता, म्हणजे बाजाराच्या हिशेबाने अख्ख्या एल अँड टीची किंमत पाच हजार कोटींच्या आगेमागे. देशातली सर्वांत नावाजलेली अभियांत्रिकी कंपनी, तिचे पवई आणि हजिऱ्याचे कारखाने, तिचं बांधकाम खातं आणि त्याखेरीज सिमेंटचा प्रचंड व्यवसाय, सगळं मिळून एवढंच. ग्रासिमचं लक्ष होतं सिमेंटवर. अभियांत्रिकी आणि सिमेंट या दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या धंद्यांची मोट एका कंपनीत बांधलेली होती. सिमेंट भांडवल खात होतं, आणि गुंतवणूकदाराला त्या मोटेचं नीट मोल करता येत नव्हतं. भाव कमी राहण्याचं एक मोठं कारण तिथेच होतं. सिमेंट वेगळं काढण्याची चर्चा कंपनीत आधीपासून चालू होती. ती लांबत गेली आणि ग्रासिम दारात उभी राहिली.

झाडगावचा कारखाना याच गोष्टीतला आहे. जाफराबादहून समुद्रमार्गे आलेलं क्लिंकर दळून सिमेंट करणारा हा कारखाना मुळात नर्मदा सिमेंटचा. १९९९ मध्ये ती कंपनी एल अँड टीच्या ताब्यात आली होती. म्हणजे रत्नागिरीत पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या कंपनीचं भवितव्य ठरत होतं ते तिच्या पालक कंपनीच्या शेअरला बाजार काय मोल देतो यावर. त्याला हे कोणी समजावून सांगितलं असेल असं वाटत नाही.

ऑक्टोबर २००२ मध्ये ग्रासिमने आणखी २० टक्के शेअर घ्यायची ओपन ऑफर काढली. या वेळी सामान्य भागधारकाला देऊ केलेला दर होता १९० रुपये. रिलायन्सला ३०६, घरोघरच्या भागधारकाला १९०. यावर रागावण्याचा लोकांना पूर्ण हक्क होता आणि लोक रागावलेही. प्रकरण सेबीपर्यंत गेलं. शेवटी ए. एम. नाईक यांच्या नेतृत्वाखालच्या व्यवस्थापनाने २००३ मध्ये बिर्लांशी तोडगा काढला. सिमेंट वेगळं झालं, २००४ मध्ये ते ग्रासिमच्या ताब्यात गेलं आणि अल्ट्राटेक या नावाने ओळखलं जाऊ लागलं. ग्रासिमकडचे एल अँड टीचे शेअर कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या ट्रस्टने विकत घेतले. आजही सुमारे १४ टक्के मालकी त्या ट्रस्टकडे आहे. झाडगावच्या गेटवरची पाटी बदलली. उरलेल्या एल अँड टीचं मोल आज चार लाख कोटींहून जास्त आहे. ज्या व्यवस्थापकांनी आपला भाव इतका कमी का, हा प्रश्न आधीच गांभीर्याने घेतला असता, त्यांना हीच वाटणी स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या वेळेला करता आली असती.

आता दुसरं उत्तर. भाव हेच ध्येय मानलं तर काय होतं, याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरणही याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. अंजनवेल-वेलदूरचा दाभोळ वीज प्रकल्प थांबला तो दराच्या वादावरून. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाला ती वीज परवडेना आणि मे २००१ मध्ये खरेदी बंद झाली. त्याच वर्षी प्रकल्पाची पालक कंपनी एन्रॉन बुडाली, ती मात्र वेगळ्याच दुखण्याने.

ऑगस्ट २००० मध्ये एन्रॉनचा शेअर ९० डॉलरच्या आसपास होता. ह्यूस्टनच्या मुख्यालयात चालू भाव पडद्यांवर झळकत असे. वरच्या अधिकाऱ्यांच्या कमाईचा मोठा भाग शेअरवर अवलंबून होता. एखादा दीर्घ मुदतीचा करार झाला की पुढच्या कैक वर्षांत त्यातून मिळू शकणाऱ्या नफ्याचा अंदाज बांधून तो आजच्या हिशेबात धरला जाई. त्यामुळे दर तिमाहीला आकडा फुगवण्यासाठी आणखी मोठे करार लागत. तोटे आणि कर्जं नजरेआड करायला वेगळ्या भागीदारी संस्था काढल्या गेल्या, आणि त्यांतल्या काहींना आधार म्हणून ठेवले होते खुद्द एन्रॉनचेच शेअर. म्हणजे भाव चढा आहे तोवर हिशेब जुळणार. भाव पडला की ज्या खड्ड्यावर झाकण घातलं होतं ते झाकणच आत पडणार. तसंच झालं. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा शेअर एका डॉलरच्याही खाली होता. हजारो कर्मचाऱ्यांची निवृत्तीसाठीची बचत याच शेअरमध्ये होती.

भावाला इतकं वरचं स्थान कसं मिळालं, त्याला एक वैचारिक इतिहास आहे. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लिहिलं की नफा वाढवणं हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी. १९७६ मध्ये मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी दाखवलं की पगारी व्यवस्थापकाचं हित आणि मालकाचं हित आपोआप जुळत नाही. त्यातून उपाय निघाला तो व्यवस्थापकाला शेअरमध्येच मोबदला देण्याचा. पुढे जेन्सन यांनीच, एन्रॉननंतर, उलट बाजूचा धोका मांडला. भाव अवाजवी चढला की तो टिकवण्यासाठी लागणारी कामगिरी प्रामाणिक मार्गाने करताच येत नाही. मग व्यवस्थापक आधी वेडी धाडसं करतो आणि ती फसली की आकडे रंगवतो. जॉन ग्रॅहम, कॅम्पबेल हार्वी आणि शिवराम राजगोपाल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या ४०० हून अधिक वित्त अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले होते. नफ्याची रेघ गुळगुळीत दिसावी म्हणून कंपनीच्या खऱ्या हिताचा काही भाग सोडायला तयार असल्याचं त्यांच्यातल्या ७८ टक्क्यांनी कबूल केलं. यात गुन्हेगार कोणी नव्हते. दुरुस्ती पुढे ढकलणं, संशोधनाचा खर्च कापणं, तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात सवलतीत माल ढकलणं, असली रोजची, कायदेशीर पापं.

भारतात या आजाराने एक खास देशी रूप घेतलं, ते म्हणजे शेअर गहाण टाकणं. प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करून तिची सूत्रं हाती ठेवणारा भागधारक, आपले शेअर तारण ठेवून कर्ज काढतो. शंभर कोटींच्या शेअरवर, समजा, पन्नास कोटी मिळाले. भाव चाळीस टक्क्यांनी पडला की तारण साठ कोटींचं उरतं आणि सावकार म्हणतो, आणखी शेअर आणा नाहीतर पैसे भरा. दोन्ही जमलं नाही तर सावकार ते शेअर बाजारात विकतो, त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि फास आवळत जातो. अशा प्रवर्तकाला भावाकडे न पाहण्याची सोयच उरत नाही. कारखान्यात काय चाललंय यापेक्षा आज भाव कितीवर बंद झाला, हे त्याच्या झोपेचं कारण ठरतं.

मिऱ्याच्या भारती शिपयार्डची कहाणी इथे येते. जहाजं बांधणाऱ्या या कंपनीने २००४ च्या अखेरीस शेअर विकून भांडवल उभं केलं. रत्नागिरी, दाभोळ, गोवा, घोडबंदर अशा तिच्या गोद्या. दुसरीकडे होती ग्रेट ऑफशोअर, समुद्रातल्या तेलविहिरींना जहाजांची सेवा पुरवणारी, २००६ मध्ये ग्रेट ईस्टर्न शिपिंगमधून वेगळी झालेली कंपनी. तिचे प्रवर्तक विजय शेठ यांनी आपले शेअर तारण ठेवले होते. २००८ च्या जागतिक पडझडीत भाव कोसळला. आधीचं कर्ज फेडण्यासाठी भारती शिपयार्डकडून पैसे घेतले गेले आणि शेअर तिच्याकडे तारण गेले. मे २००९ मध्ये भारतीने ते तारण ताब्यात घेतलं आणि जवळजवळ १५ टक्के मालकीसह ग्रेट ऑफशोअरच्या दारात पाऊल ठेवलं. चालत्या जहाजांच्या, कमावत्या कंपनीची सूत्रं हलली, ती जहाजांच्या कामगिरीमुळे नव्हे, प्रवर्तकाच्या कर्जाला टेकू असलेला भाव ढासळल्यामुळे.

पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. ग्रेट ऑफशोअर मिळवण्यासाठी एबीजी शिपयार्ड ही प्रतिस्पर्धी कंपनीही बोलीत उतरली. भारतीने ३४४ रुपयांपासून सुरू केलेली बोली चढत चढत ५९० पर्यंत गेली आणि भारती जिंकली. जगभरात मालवाहतूक आणि जहाजबांधणी मंदावत होती, त्याच काळात एका जहाजबांधणी कंपनीने चढ्या भावात दुसरी कंपनी विकत घेतली. पुढच्या वर्षांत कर्जाची पुनर्रचना झाली, नाव बदलून भारती डिफेन्स अँड इन्फ्रास्ट्रक्चर झालं, प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेलं आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश निघाला. एकट्या ग्रेट ऑफशोअरने भारतीला बुडवलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मंदी होती, रद्द झालेली कामं होती, बँकांची देणी होती. तरी ३४४ च्या वस्तूचं मोल नेमकं किती, हा प्रश्न त्या चढाओढीत मागे पडला, एवढं नक्की. देवरूख-संगमेश्वरकडच्या वेल्डरला आणि फिटरला यातलं काहीही ठरवता येत नव्हतं.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर या आयटी कंपनीच्या प्रकरणात हे सगळे धागे एकत्र गुंफलेले दिसतात. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे संस्थापक रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून ताळेबंदातली सुमारे ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नसल्याचं कबूल केलं. त्या एका दिवसात शेअर १७९ रुपयांवरून ४० च्या आसपास आला. पत्रात त्यांनी दिलेलं एक कारण बारकाईने वाचण्यासारखं आहे. प्रवर्तकांची मालकी थोडी होती, त्यामुळे खराब कामगिरी उघड झाली तर कोणीतरी कंपनी ताब्यात घेईल आणि मग खोट बाहेर पडेल, ही भीती. एल अँड टीसमोर उभं राहिलं तेच भय. एका कंपनीने त्यावर धंद्याची वाटणी करून आणि कर्मचाऱ्यांना मालकी देऊन उत्तर काढलं, दुसरीने आकडे रचले. सत्यमच्या प्रवर्तकांचे शेअरही गहाण होते आणि सावकारांनी ते विकून टाकले होते. सामान्य भागधारकाला याचा पत्ता नव्हता. एप्रिल २००९ मध्ये लिलावात पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये दराने कंपनी घेतली आणि हजारोंच्या नोकऱ्या वाचल्या.

त्या वेळी सेबीचे अध्यक्ष होते चंद्रशेखर भावे. कागदी शेअरांच्या जागी डीमॅट आणणाऱ्या एनएसडीएलचे ते पहिले प्रमुख; टपालात हरवणाऱ्या शेअर सर्टिफिकेटांपासून कोकणातल्या गुंतवणूकदाराची सुटका झाली तीही त्या १९९६ मध्ये सुरू झालेल्या कामामुळे. सत्यमच्या कबुलीनंतर पंधरा दिवसांच्या आत सेबीने प्रवर्तकांचे तारण ठेवलेले शेअर जाहीर करणं बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. साधा निर्णय, पण भारतीय बाजारातल्या सर्वांत उपयोगी निर्णयांपैकी एक.

मग व्यवस्थापकाने करावं तरी काय? शेअरधारक म्हणजे कायम एकच माणूस नसतो, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. देवरुखातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला आजारपणासाठी आज शेअर विकावे लागतात. त्याच दिवशी दुसऱ्या गावातली एखादी नोकरदार मुलगी पहिल्या पगारातून तेच शेअर घेते. भाव अवाजवी पडलेला असेल तर शिक्षक नाडला जातो, अवाजवी चढलेला असेल तर मुलगी. व्यवस्थापक दोघांचाही विश्वस्त आहे. म्हणून भाव कंपनीच्या खऱ्या मोलाच्या जवळपास राहावा, यात त्याचं कर्तव्य आहे. वॉरन बफे यांनी बर्कशायरच्या शेअरबाबत अनेक वर्षं हीच भूमिका मांडली: शेअर अति महागही नको आणि अति स्वस्तही नको. भाव चढवणाऱ्यांच्या जगात ही भूमिका विरळा आहे, आणि रास्तही.

ती अमलात आणायचं मुख्य साधन म्हणजे खरं बोलणं, विशेषतः बातमी वाईट असताना. १० एप्रिल २००३ रोजी इन्फोसिसने पुढच्या वर्षाच्या कमाईचा अंदाज बाजाराच्या अपेक्षेपेक्षा बराच खाली दिला. एका दिवसात शेअर पाव भागाहून अधिक घसरला, पाठोपाठ सगळा आयटी बाजार घसरला. गोड आकडा सांगून ते दुखणं दोन-तीन तिमाह्या पुढे ढकलण्याचा मोह कोणालाही झाला असता. कंपनीने तो टाळला आणि तिच्या शब्दावरचा विश्वास शाबूत राहिला. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या पालक कंपनीत, युनिलिव्हरमध्ये, पॉल पोलमन यांनी २००९ मध्ये सूत्रं हाती घेताच बाजाराला नफ्याचे अंदाज देणंच थांबवलं. सुरुवातीला शेअर पडला. ते दहा वर्षं पदावर राहिले. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २००० सालच्या भागधारकांच्या पत्रात आरंभीच मान्य केलं की वर्षभरात शेअर ८० टक्क्यांहून जास्त पडलाय, आणि मग विक्री, ग्राहक, रोकड यांचे आकडे देऊन धंदा आदल्या वर्षीपेक्षा मजबूत असल्याचं दाखवलं. भावाबद्दल मौन न पाळता त्याच्यामागचा धंदा उघडा करून दाखवणं, ही त्या पत्राची ताकद.

भाव आणि मोल यांतलं अंतर ओळखता येणं आणखी एका कामासाठी लागतं. भारतात १९९८-९९ पासून कंपन्यांना स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायची मुभा आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने २०२२ मध्ये २,५०० कोटींपर्यंतचा बायबॅक केला, त्यासाठी कमाल दर ठेवला ४,६०० रुपये. जानेवारी २०२४ मध्ये ४,००० कोटींचा दुसरा बायबॅक जाहीर झाला, दर १०,००० रुपये, तेव्हाच्या बाजारभावापेक्षा बराच चढा. शिल्लक रोकड भागधारकांना परत देणं चांगलंच. पण स्वतःच्या शेअरसाठी पैसे मोजताना संचालक मंडळाला आपलं मोल किती, हे ठरवावंच लागतं. जास्त दिले तर राहणाऱ्या भागधारकाचं नुकसान, कमी दिले तर जाणाऱ्याचं. भावाकडे कधीच न पाहिलेल्या व्यवस्थापकाला हा निर्णय घेता येणार नाही आणि भावाने भारावलेल्याला तो नीट घेता येणार नाही. व्यवस्थापकाला शेअरमध्ये मोबदला द्यायचाच असेल तर तो पाच-सात वर्षं विकता येऊ नये, एवढी अट तरी असावी. तिमाहीच्या भावावर बोनस ठरवणं म्हणजे एन्रॉनच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकणं.

आता तर कायद्यानेच मोठ्या कंपन्यांना भावावर नजर ठेवायला लावलं आहे. सेबीच्या नियमानुसार १ जून २०२४ पासून बाजारमूल्यात पहिल्या १०० आणि त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून पहिल्या २५० कंपन्यांबद्दल माध्यमांत एखादी ठोस अफवा आली आणि त्यामुळे शेअर लक्षणीय हलला, तर चोवीस तासांच्या आत ती खरी की खोटी हे कंपनीने सांगायचं असतं. उलट बाजूने, तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत आतली माहिती असलेल्या अधिकाऱ्यांना कंपनीच्या शेअरमध्ये व्यवहार करायला बंदी असते. भाव पाहा, त्याला उत्तर द्या, पण त्यावर स्वतः कमवू नका, असा या दोन नियमांचा एकत्रित अर्थ.

लहान भागधारकाच्या हातीही काही आहे. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीचा मालकीचा तक्ता दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर लागतो आणि त्यात प्रवर्तकांच्या नावापुढे तारण शेअरांचा रकाना असतो. तो पाहायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. २०२० पासून वार्षिक सर्वसाधारण सभा व्हिडिओवरून घ्यायला परवानगी मिळाली. पूर्वी मुंबईच्या सभागृहात जाणं ज्यांना जमत नसे, त्यांना आता आधी नाव नोंदवून देवरुखात घरी बसून अध्यक्षांना प्रश्न विचारता येतो. शेअर का पडला, असा प्रश्न बहुतेक जण विचारतात आणि बाजाराच्या परिस्थितीचं ठरावीक उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारावं, की प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत, वरिष्ठांचा बोनस कशावर ठरतो, आणि संचालक मंडळाच्या मते कंपनीचं खरं मोल बाजारभावाहून वेगळं असेल तर ते कशामुळे.